नॅनोमीटरचा हिशेब आणि जनतेचा पैसा

(जयनगर, बंगळूर येथे मराठी भाषिक सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजची सभा ज्या वसाहतीत भरली आहे त्या जयनगरची पायाभरणी १९४८ साली झाली. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. येथील रुंद रस्ते आणि बागांसाठी, बाजारासाठी, शाळांसाठी आधीच राखून ठेवलेली जागा हे कोणा जमीनव्यापाऱ्याचे औदार्य नव्हे. एका सार्वजनिक मंडळाने, सार्वजनिक पैशातून, पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करून ही आखणी केली. पुढे देशाच्या नॅनोविज्ञान कार्यक्रमाची धुरा ज्यांच्याकडे आली ते प्रा. सी. एन. आर. राव शेजारच्याच बसवनगुडीत जन्मले. तेव्हा नॅनोतंत्रज्ञान आणि संगणकाची चिप हा विषय या परिसराला परका नाही.

बंगळुरात आज चिप आखणारे हजारो अभियंते राहतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९८५ साली येथे आपले आखणी केंद्र उघडले आणि तिच्या पाठोपाठ जगातील बहुतेक बड्या चिप कंपन्या आल्या. जगातील चिप-आखणी अभियंत्यांपैकी सुमारे एक पंचमांश भारतात आहेत, असे केंद्र सरकार अभिमानाने सांगते. अभिमान वाटण्यास हरकत नाही. परंतु या अभियंत्यांनी आखलेल्या चिपची मालकी परदेशातील मूळ कंपनीकडे जाते, ती चिप तयार होते प्रामुख्याने तैवानमध्ये, आणि तयार झाल्यावर भारतीय ग्राहक ती परकीय चलन मोजून विकत घेतो. या साखळीत भारताच्या वाट्याला पगार येतो, तोही कामाचा दिवस ताणून. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा या कर्मचाऱ्यांच्या ‘किटू’ या संघटनेला त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुमारे तीस शास्त्रज्ञांच्या गटाने केंद्र सरकारकडे एक प्रस्ताव पाठविला आहे. आज जगात तयार होणाऱ्या लहानात लहान चिपच्याही एक दशांश आकाराच्या चिपचे तंत्र देशात विकसित करावे, असा तो प्रस्ताव आहे. पहिला आराखडा एप्रिल २०२२ मध्ये प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांकडे गेला. सुधारलेला आराखडा ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. एप्रिल २०२५ मध्ये या प्रस्तावाची बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हाही तो विचाराधीनच होता. शास्त्रज्ञांची मागणी होती पाच वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची, म्हणजे वर्षाला शंभर कोटींची.

या मागणीचे मोल कळण्यासाठी आधी नॅनोमीटर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मीटरचा एक अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते, आणि एका नॅनोमीटरमध्ये सिलिकॉनचे जेमतेम चार अणू शेजारी शेजारी बसतात. चिपमधील ट्रान्झिस्टर ही मुळात विजेची एक तोटी आहे. गेट नावाच्या भागावर विजेचा दाब दिला की तोटी उघडते, काढला की मिटते. तोट्या जितक्या लहान तितक्या त्या एका चकतीवर जास्त मावतात, वेगाने चालतात आणि कमी वीज खातात. साठ वर्षे या उद्योगाची सारी धडपड तोटी लहान करण्याची होती.

ही धडपड एका टप्प्यावर अणूंच्या भिंतीला जाऊन भिडली. या शतकाच्या आरंभी गेटखालील सिलिकॉन ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच अणूंच्या जाडीपर्यंत आला. इतक्या पातळ थरातून वीज पाझरू लागते, आणि मिटलेली तोटी गळतच राहते. २००७ साली इंटेलने हाफ्नियमचा ऑक्साइड वापरून हा थर जाड ठेवण्याची युक्ती काढली. पुढे सपाट ट्रान्झिस्टर उभा केला गेला, माशाच्या परासारखा, म्हणजे गेटला त्याला तीन बाजूंनी पकडता यावे. आता गेट चारही बाजूंनी वेढणारी रचना आली आहे. ‘तीन नॅनोमीटर’, ‘दोन नॅनोमीटर’ ही जी नावे जाहिरातींत येतात ती मात्र मापे राहिलेली नाहीत. तथाकथित तीन नॅनोमीटरच्या चिपमध्ये एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचे अंतर ४५ ते ५० नॅनोमीटर असते. बाजारात कापडावर छापलेला वार आणि प्रत्यक्ष मोजलेला वार यांत पडतो तसाच हा फरक!

सिलिकॉनची ही वाट संपत आली, हे सर्वांना दिसते आहे. म्हणून जगभर अशा पदार्थांचा शोध चालू आहे, जे मुळातच एका अणुथराचे आहेत. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात ग्राफीन वेगळे केले गेले तेव्हा हा शोध वेगाने सुरू झाला. त्यांतील एक पदार्थ म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड. कारखान्यात काम केलेल्या कॉम्रेडांना तो ओळखीचा आहे, कारण यंत्राच्या बेअरिंगला लावतात त्या काळ्या मोली ग्रीसमध्ये हाच पदार्थ असतो. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून तो वंगणाचे काम करतो. तोच एक थर सुटा केला तर त्याची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर असते आणि त्याचा ट्रान्झिस्टर होऊ शकतो. २०११ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सरकारी तंत्रविद्यापीठात तो करून दाखविण्यात आला. विज्ञान संस्थेचा प्रस्ताव या जातीच्या पदार्थांचा आहे. या क्षेत्रात अद्याप कोणाचीही मक्तेदारी पक्की झालेली नाही, म्हणून येथे मागून येणाऱ्याला पुढच्यांबरोबर धावता येते. दहा वर्षांनी ते शक्य होईलच असे नाही.

आता पैशाचा प्रश्न. चिप उद्योग हे खासगी साहसाचे, गॅरेजमध्ये बसलेल्या तरुणांच्या हिकमतीचे अपत्य आहे, अशी एक कथा शाळेच्या पुस्तकांपासून मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत सांगितली जाते. इतिहास काही वेगळेच सांगतो. १९६२ साली अमेरिकेत तयार झालेल्या इंटिग्रेटेड सर्किटांचे जवळजवळ सर्व उत्पादन अमेरिकन सरकारने विकत घेतले, मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी आणि अपोलो यानासाठी. या खात्रीच्या गिऱ्हाइकाच्या जोरावर उत्पादन वाढले, किंमत उतरली आणि मग कुठे खासगी बाजार उभा राहिला. हा पैसा युद्धखोरीचा होता हे विसरण्याचे कारण नाही. परंतु तो सरकारी होता, हेही विसरता येत नाही. १९८७ साली जपानी स्पर्धेने अमेरिकन कंपन्या हैराण झाल्या तेव्हा रेगनच्या, म्हणजे सरकारी हस्तक्षेपाला उठता-बसता शिव्या देणाऱ्या राजवटीने त्यांच्या ‘सेमाटेक’ या संयुक्त संशोधन संस्थेला वर्षाला दहा कोटी डॉलर दिले.

वर ज्या पराच्या आकाराच्या ट्रान्झिस्टरचा उल्लेख आला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत चेनमिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाअखेर तयार केला. विद्यापीठ सार्वजनिक, आणि संशोधनाचा खर्च अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन विभागाचा. दहा-बारा वर्षांनी इंटेलने तो बाजारात आणला आणि नफा कंपनीच्या खात्यावर जमा झाला. अतिसूक्ष्म रेघा छापणाऱ्या यंत्राचीही तीच कथा आहे. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी छपाई करणारे हे यंत्र आज जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनविते. त्याचे मूळ काम लिव्हरमोर, सँडिया आणि बर्कली या अमेरिकन सरकारी प्रयोगशाळांत झाले. १९९७ साली इंटेलच्या पुढाकाराने कंपन्यांचा एक संघ या प्रयोगशाळांत दाखल झाला व पुढे त्यांचे ज्ञान उद्योगात आले. खासगी कंपन्यांनी पैसा घातला नाही असे कोणी म्हणत नाही; एएसएमएलने वर्षानुवर्षे प्रचंड रक्कम ओतली. परंतु वीस वर्षांनी फळ येईल की नाही याची शाश्वती नसताना पहिला पैसा घालायला भागधारक तयार होत नाहीत. तो सरकारी तिजोरीतूनच येतो.

तैवानची ‘टीएसएमसी’ ही आज जगातील सर्वांत मोठी चिप उत्पादक कंपनी आहे. १९७६ साली तैवानच्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेने अमेरिकेच्या आरसीएकडून तंत्र विकत घेतले, तरुण अभियंते शिकायला पाठविले आणि स्वतःचा प्रायोगिक कारखाना काढला. त्या संस्थेतून १९८७ साली टीएसएमसी निघाली. तिच्या सुरुवातीच्या भांडवलात सरकारचा वाटा जवळजवळ निम्मा होता. मॉरिस चँग यांची कर्तबगारी मोठी खरी. पण अकरा वर्षांची सरकारी तयारी पाठीशी नसती तर ती कुठे उभी राहिली असती?

महाराष्ट्राला जवळचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. अमेरिकेने महासंगणक देण्यात अडवणूक केल्यावर पुण्याच्या ‘सी-डॅक’ने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा केला. त्या यशाचे पोवाडे मराठी वृत्तपत्रांनी गायिले आणि ते योग्यच होते. परंतु परमच्या पोटात ज्या चिप होत्या त्या ब्रिटनच्या ‘इनमॉस’ कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिप होत्या. इनमॉस ही १९७८ साली ब्रिटिश सरकारच्या राष्ट्रीय उद्योग मंडळाने सार्वजनिक पैशाने काढलेली कंपनी. थॅचरबाईंच्या सरकारने १९८४ साली ती विकून टाकली. म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक संस्थेने अमेरिकेच्या नाकावर टिच्चून जो संगणक उभा केला, त्याचे हृदय एका परक्या देशाच्या सार्वजनिक क्षेत्राने घडविले होते, आणि परम पुरा होईपर्यंत ते क्षेत्र लिलावात निघून गेले होते.

भारताची सुरुवात उशिरा झाली होती, असेही नाही. येथून उत्तरेला जलहळ्ळीत १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सार्वजनिक कारखाना निघाला. तेथे १९६२ पासून जर्मेनियमची अर्धवाहक उपकरणे तयार होऊ लागली, १९६७ मध्ये सिलिकॉनची उपकरणे आली, आणि १९७१ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट तयार करण्याची व्यवस्था उभी राहिली. तैवानच्या सरकारी संस्थेने आरसीएशी करार करण्यापूर्वी पाच वर्षे ही गोष्ट घडली. १९७६ साली केंद्र सरकारने मोहाली येथे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स स्थापन केले. १९८४ मध्ये तेथे पाच मायक्रॉनच्या म्हणजे पाच हजार नॅनोमीटरच्या तंत्राने उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच अभियंत्यांनी ते ०.८ मायक्रॉनपर्यंत आणले. ही झेप जगाच्या आघाडीपासून फार मागे नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये कारखान्याला आग लागली आणि ती बहुतेक सर्व यंत्रसामग्री घेऊन गेली.

आग हा अपघात असू शकतो. आगीनंतरची वर्षे अपघात नव्हती. या उद्योगात यंत्रांची पिढी दोन-तीन वर्षांनी बदलते. ज्याला दर पिढीला भांडवल मिळत नाही तो उद्योगातून बाद होतो. नेमक्या त्याच काळात, १९९१ नंतर, सार्वजनिक क्षेत्रात नवे भांडवल घालणे हे पाप ठरले. मोहालीला पुन्हा उभे राहायला कित्येक वर्षे लागली, तोवर जग कोठल्या कोठे गेले होते. सारा दोष दिल्लीच्या धोरणावर टाकून भागणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. लहानशा खरेदीलाही महिनोन्महिने फायली फिरविणारी नोकरशाही, गिऱ्हाइकाला वेळेवर माल देण्याची न लागलेली सवय, बाजाराशी तुटलेला संबंध, हे दोष तेथे होते आणि कामगार चळवळीने त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. २००६ साली ही संस्था अवकाश विभागाकडे गेली व पुढे १८० नॅनोमीटरच्या तंत्रापर्यंत आली. हे तंत्र जुने आहे. परंतु जिला मोडीत काढायला अनेक जण टपले होते त्या याच संस्थेने इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर तयार करून मार्च २०२५ मध्ये सुपूर्द केला. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेला ‘अजित’ हा प्रोसेसरही मोहालीतच तयार झाला. २०२५ च्या अखेरीस मोहालीच्या आधुनिकीकरणासाठी ४,५०० कोटी रुपयांची घोषणा झाली आणि तिचे खासगीकरण होणार नाही असे सांगण्यात आले. ही रक्कम १९८९ नंतर लगेच मिळाली असती तर काय झाले असते, याचे उत्तर आता कोणी देऊ शकत नाही.

पवईचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. १९५८ साली सुरू झालेली ही संस्था युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाने दिलेल्या यंत्रसामग्रीवर आणि तज्ज्ञांच्या मदतीवर उभी राहिली. आज तिच्या पदवीधरांना लक्षावधी डॉलरचा पगार मिळाल्याच्या बातम्या छापणाऱ्या वृत्तपत्रांना हे आठवत नाही. तेथे जुझर वासी, अरुण चांदोरकर, दिनेश शर्मा यांच्यासारख्या अध्यापकांनी सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीची परंपरा घडविली. म्हणूनच २००६ साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने सुमारे शंभर कोटी रुपये खर्चून नॅनोइलेक्ट्रॉनिकीची दोन केंद्रे काढायची ठरविली तेव्हा एक पवईला आणि दुसरे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत निघाले. २००७ साली पाच वर्षांसाठी एक हजार कोटींचे नॅनो मिशन आले. विज्ञान संस्थेत आज सुमारे चौदा हजार चौरस फुटांची धूळमुक्त दालने आहेत. २००८ पासून चालू असलेल्या एका योजनेखाली देशातील इतर विद्यापीठांचे आणि महाविद्यालयांचे संशोधक या दोन्ही ठिकाणी येऊन स्वतःच्या हाताने उपकरण तयार करून पाहू शकतात. कोट्यवधींचे यंत्र ज्यांच्या महाविद्यालयात कधीच येणार नाही अशांना ही दारे उघडी झाली. सार्वजनिक शंभर कोटींनी काय होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही. तीस शास्त्रज्ञांचा नवा प्रस्तावही याच दालनांतील अनुभवातून आला आहे.

आता सध्याच्या खर्चाकडे वळू. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. गुजरातेत साणंद येथे अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीचा चिप जोडणी आणि चाचणीचा कारखाना २२,५१६ कोटींचा. त्यातील पन्नास टक्के केंद्राचे, वीस टक्के गुजरात सरकारचे आणि उरलेले तीस टक्के मायक्रॉनचे. कंपनीने जाहीर केलेल्या थेट नोकऱ्या पाच हजारांपर्यंत. सत्तर टक्क्यांचा हिशेब केला तर सार्वजनिक वाटा सुमारे १५,७६० कोटी होतो. एका नोकरीमागे तीन कोटींहून अधिक. आणि या कारखान्यात चिप घडत नाही. बाहेर घडलेली चिप येथे बांधली आणि तपासली जाते. धोलेरा येथे टाटांचा कारखाना ९१ हजार कोटींचा असून तंत्र तैवानच्या पीएसएमसीचे, २८ नॅनोमीटर व त्याहून जुने आहे. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याच्याही भांडवली खर्चाचा निम्म्यापर्यंत भार केंद्राने उचलायचा आहे. विज्ञान संस्थेचे ५०० कोटी या एका कारखान्याच्या खर्चाच्या शंभरातला एक भागही होत नाहीत.

कारखाने नकोत असा याचा अर्थ नाही. २८ नॅनोमीटरच्या चिपवर मोटारी, मीटर, घरगुती यंत्रे चालतात. देशात त्या तयार व्हाव्यात ही मागणी पुरोगामी चळवळीने मुक्तकंठाने केली पाहिजे. प्रश्न अटींचा आहे. भांडवलशाहीची पंढरी समजल्या जाणाऱ्या अमेरिकेत इंटेलला २०२२ च्या कायद्याखाली अनुदाने मंजूर झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने त्यांच्या बदल्यात कंपनीचे सुमारे दहा टक्के भाग स्वतःच्या नावावर करून घेतले. ट्रम्पचे सरकार समाजवादी झाले असे कोणी समजणार नाही. पण पैसा दिला तर भाग मागावा, एवढे व्यवहारज्ञान तेथेही आहे. तैवानच्या सरकारने तो १९८७ सालीच मागितला होता. साणंद आणि धोलेराच्या कारखान्यांत जनतेच्या पैशाला कोणता भाग, तंत्रावर कोणता हक्क, कामगारांना संघटनेचे कोणते स्वातंत्र्य, किती प्रशिक्षण, आणि किती चिप देशातील आखणीकारांसाठी राखीव, हे प्रश्न संसदेत आणि कारखान्यांच्या दारात विचारले गेले पाहिजेत.

संशोधनाच्या खर्चातही तोच कल दिसतो. भारत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ. २०२३ साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले तेव्हा पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरले गेले. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींचा संशोधन निधी मंजूर झाला. त्यातून खासगी क्षेत्राला अत्यल्प किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीची कर्जे मिळणार आहेत. दुसऱ्या बाजूला, धूळमुक्त दालनात रात्र-रात्र यंत्राशी बसणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती ३१ हजारांवरून ३७ हजार होण्यासाठी देशभर आंदोलने करावी लागली. वाढ २०२३ मध्ये मिळाली, तरी पैसे वेळेवर हाती न पडण्याची तक्रार कायम आहे.

खासगी कंपन्यांना सवलत मिळाली की त्या आपोआप संशोधन करू लागतील, असे अर्थखात्यातील काहींना वाटते. गेली तीस वर्षे त्यांना सवलती मिळतच आहेत. संशोधनावरील भारतीय खर्चात खासगी उद्योगांचा वाटा तरीही निम्म्याहून खूप कमी राहिला आहे. विकत आणलेले तंत्र चालवून नफा होत असेल तर पंधरा वर्षांनी फळणाऱ्या अणुथरात पैसा कोण घालील? त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचे आहे. देशाच्या दृष्टीने नाही. म्हणून विज्ञान संस्थेच्या प्रस्तावाला पूर्ण रक्कम, पाच वर्षांची हमी, यंत्रखरेदीत सुटसुटीत नियम, आणि निघालेले पेटंट सार्वजनिक संस्थेच्या मालकीचे राहील अशी अट, या चार गोष्टी मागण्यासाठी कामगार संघटनांनी, संशोधक विद्यार्थ्यांनी आणि लोकविज्ञान चळवळीने एकत्र यायला हवे. मोहालीची नवी यंत्रे कोणत्या नॅनोमीटरची असतील, आणि तेथे विज्ञान संस्थेच्या पदार्थांच्या चाचणीसाठी जागा राखली जाईल की नाही, हेही त्याच वेळी विचारता येईल.